वैर संपायची वाट न पाहता साथ रोखायची असेल तर: विरोधी समाजांमधल्या आरोग्य-सहकार्याचं सविस्तर मार्गदर्शन

1974 साली सायप्रसची राजधानी निकोसिया दोन भागांत तुटली. मधे काटेरी तारा आणि दोन्हीकडे सैनिक. रस्त्यांखाली मात्र सांडपाण्याच्या एकाच योजनेचं अर्धवट जाळं पडून होतं. बरीचशी वस्ती दक्षिणेला होती, पण जमिनीचा उतार उत्तरेकडे, आणि मैला शुद्ध करण्याची जागाही उत्तरेलाच. एका बाजूने एकटीने काम पुरं करायचं म्हटलं असतं तरी ते शक्य नव्हतं. 1978 मध्ये ग्रीक सायप्रियट बाजूचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की सायप्रियट बाजूचे महापौर मुस्तफा अकिंजी यांनी सांडपाण्यापुरता समझोता केला. सायप्रसचा राजकीय प्रश्न तेव्हा सुटला नव्हता, आजही सुटलेला नाही. सांडपाण्याची ती सामाईक व्यवस्था मात्र उभी राहिली.

हा लेख अशाच कामासाठी आहे. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन समाजांमध्ये काम करणारे डॉक्टर, परिचारिका, स्थानिक प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि मध्यस्थी करू पाहणारी माणसं यांना हाताशी ठेवता येईल अशा रीतीने तो लिहिला आहे. त्यातलं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: आरोग्याचं सहकार्य जितकं अरुंद ठेवाल तितकं ते टिकेल. त्याच्यावर शांतता, सलोखा, मनोमीलन अशा मोठ्या अपेक्षा लादल्या की दोन्हीकडच्या कडव्या माणसांना ते मोडायला कारण मिळतं. गोवर रोखायचा आहे ना, मग गोवराबद्दलच बोला.

शीतयुद्ध ऐन भरात असताना, 1958 साली, सोव्हिएत संघाने जागतिक आरोग्य संघटनेत देवी निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. पुढे त्या कामात सोव्हिएत लस आणि अमेरिकी पैसा व तज्ज्ञ एकत्र आले आणि 1980 मध्ये देवीचं निर्मूलन जाहीर झालं. त्या सगळ्या काळात दोन्ही देशांची क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेलीच होती.

पहिला विषय कोणता घ्यायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विषय चुकला तर पुढची कितीही चांगली आखणी वाया जाते.

पहिला विषय निवडताना स्वतःला चार प्रश्न विचारा. या रोगाचा फटका दोन्ही बाजूंना बसतो का? एका बाजूने एकटीने कितीही केलं तरी तो आटोक्यात येणार नाही, असं दोन्हीकडच्या तज्ज्ञांना वाटतं का? काही आठवड्यांत दिसेल असा परिणाम मिळेल का? आणि या कामातून कुठल्याही बाजूच्या लढणाऱ्यांना काही लाभ होईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘होईल’ असं असेल, तर तो विषय बाजूला ठेवा.

या कसोटीवर मुलांचं लसीकरण बहुतेक वेळा खरं उतरतं. गोवराचं उदाहरण घ्या. लस न घेतलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना लागण देतो, म्हणून गोवर थोपवायला सुमारे 95 टक्के मुलं सुरक्षित व्हावी लागतात. एका बाजूने आपली सगळी मुलं टोचली आणि पलीकडची निम्मी राहिली, तरी आपल्याकडची लस न मिळालेली तान्ही बाळं धोक्यात राहतातच. ही गोष्ट आकड्यांत मांडता येते, तिला राजकारण चिकटत नाही, आणि कट्टर माणसालाही लहान मुलांच्या लसीला उघड विरोध करणं जड जातं.

पिण्याच्या पाण्याचं निर्जंतुकीकरण, सांडपाणी, पिसाळलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त, डासांची पैदास रोखणं हेही चांगले पहिले विषय आहेत. याउलट लोकसंख्येची मोजणी, रुग्णालय कुठे बांधायचं, जखमींची ने-आण किंवा इंधनाचा साठा अशा गोष्टींपासून सुरुवात करू नका. त्या महत्त्वाच्या नाहीत असं नव्हे. पण ‘तिकडे किती माणसं राहतात’ हा आकडाच अनेक संघर्षांचं मूळ असतो, आणि इंधन रुग्णवाहिकेत जातं तसं रणगाड्यातही जातं.

मध्यस्थ आणि पहिली बैठक

मध्यस्थ शोधताना त्याच्या नावाला किती वजन आहे हे नंतर पाहा. आधी पाहा की दोन्ही बाजूंचे लोक त्याचा फोन उचलतात का. एल साल्वादोरमध्ये यादवी युद्ध सुरू असताना 1985 साली मुलांच्या लसीकरणासाठी तीन दिवस लढाई थांबवली गेली. युनिसेफने कल्पना मांडली, पण सरकार आणि बंडखोर यांच्यात निरोप पोहोचवणं कॅथलिक चर्चमुळे जमलं. सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली, आणि 1992 मध्ये शांतता करार होईपर्यंत दरवर्षी असे ‘शांततेचे दिवस’ पाळले गेले. धर्मसंस्था, रेडक्रॉस, निवृत्त शिक्षक, दोन्हीकडे उपचार केलेला म्हातारा डॉक्टर यांपैकी कुणीही चालेल. एकाने नाही भागलं तर दोघं घ्या: एक वैद्यकीय बाजू सांभाळणारा आणि एक निरोप नेणारा.

दोन्हीकडून येणारी माणसं समान हुद्द्याची असावीत. एका बाजूने जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी आणि दुसऱ्या बाजूने नुकता लागलेला कंपाउंडर, असं झालं की अपमान तिथेच घडतो आणि त्याची चर्चा लसीपेक्षा जास्त होते. राजकीय नेत्यांना पहिल्या बैठकीत बोलवू नका. त्यांची संमती हवीच, ती आधी वेगवेगळी घ्या. बैठकीत मात्र ताप मोजणारी आणि लस टोचणारी माणसंच बसू द्या. त्यांची भाषा एकच असते. रोग, मात्रा, मुदत, तापमान यांवर बोलणं सुरू झालं की पहिल्या अर्ध्या तासातला ताण उतरतो.

बैठकीची जागा कुणाच्याच मालकीची नसावी. कागदावर कुणाचं बोधचिन्ह नको, भिंतीवर नकाशा टांगायचा असेल तर सीमारेषा नसलेला. यातला सगळ्यात चिवट अडथळा गावांच्या नावांचा असतो. एकाच गावाला दोन्ही बाजूंची दोन नावं असतात आणि कुठलं लिहायचं यावर दिवस निघून जातो. त्यावर साधा तोडगा म्हणजे खुणेचे क्रमांक. सगळ्या परिसराचे विभाग पाडा आणि त्यांना क-1, क-2, ख-1 अशी नावं द्या. तक्ता दोघांकडे राहील, आपापल्या बाजूने जो तो आपल्या पसंतीचं नाव लिहील, एकमेकांना पाठवायच्या कागदावर मात्र क्रमांकच जाईल. नेमके अक्षांश-रेखांश कागदावर लिहू नका. आरोग्यकेंद्राची जागा शोधण्यासाठी घेतलेली माहिती उद्या तोफेसाठी वापरली जाऊ शकते, ही भीती खोटी नाही. ती बाळगणाऱ्या माणसाला भित्रा समजू नका.

बोलण्याचा ढंगही ठरवून घ्या. ‘तुमच्याकडून साथ आली’ हे वाक्य बैठकीत एकदाही यायला नको. त्याऐवजी: ‘डॉक्टर, आमच्या क-7 विभागात या आठवड्यात ताप-पुरळाचे तीन रुग्ण दिसलेत. तुमच्या बाजूला असं काही आढळलंय का?’ आधी आपली माहिती द्यायची, मग विचारायचं. हा क्रम उलटा झाला की प्रश्नाची चौकशी होते.

समझोता कसा लिहायचा

एकाच कागदावर दोन सह्या हव्यात असा हट्ट धरू नका. शत्रूच्या शेजारी सही करणं म्हणजे त्याला मान्यता देणं, असं अनेकांना वाटतं. त्यासाठी एक वाट आहे: दोन्ही बाजूंनी एकाच मजकुराची स्वतंत्र पत्रं मध्यस्थाला द्यायची. मध्यस्थ दोन्ही पत्रं मिळाल्याचं दोघांना कळवतो, की झाला समझोता. मजकूर एका पानापेक्षा मोठा नको. नमुना असा ठेवता येईल:

‘आमच्या ताब्यातल्या भागात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, रोज सकाळी 7 ते दुपारी 3 या वेळेत लसीकरण पथकांच्या वाटेवर आमच्याकडून कुठलीही सशस्त्र कारवाई होणार नाही.
पथकं ठरलेल्या वाटांनीच जातील. त्यांच्या वाहनात शस्त्र, गणवेशातली व्यक्ती किंवा लढाईचं साहित्य नसेल.
पथक पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लस देईल. मुलाचे आईवडील कोण आणि कुठल्या बाजूचे, हे विचारणार नाही.
नावांची यादी कुणालाही दिली जाणार नाही. फक्त विभागवार आकडे कळवले जातील.
चौक्यांवर ओळखपत्र पाहिलं जाईल. शीतपेटी उघडली जाणार नाही.
काही बिघडल्यास मध्यस्थाला दोन तासांच्या आत कळवलं जाईल. तोपर्यंत कुठलीही बाजू जाहीर आरोप करणार नाही.
या पत्राचा इतर कुठल्याही वादावरील आमच्या भूमिकेशी संबंध नाही.’

शेवटची ओळ गाळू नका. तिच्यामुळेच दोन्हीकडचे नेते आपल्या माणसांना तोंड दाखवू शकतात. शीतपेटीची ओळ किरकोळ वाटते, पण प्रत्यक्षात तीच जास्त उपयोगी पडते. चौकीवर प्रत्येक पेटी उघडून तपासली गेली, तर दुपारपर्यंत आतला बर्फ वितळलेला असतो. पेटी तपासायची असेल तर निघतानाच, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर भरा आणि सील लावा.

एकच व्याख्या, एकच आठवडा

दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा लपवाछपवी नसतं. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. म्हणून रुग्ण कुणाला म्हणायचं हे आधी ठरवा, आणि व्याख्या इतकी सोपी ठेवा की प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यातल्या परिचारिकेलाही ती लावता यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाकोरीतल्या व्याख्या दोन्हीकडच्या डॉक्टरांना परक्या वाटत नाहीत, तेव्हा त्याच उचला. ताप आणि अंगभर पुरळ असेल तर संशयित गोवर. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला तर संशयित पोलिओ. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ, रक्त नसलेले जुलाब म्हणजे तीव्र अतिसार. आणि दोन वर्षांवरच्या कुणाला अशा जुलाबांनी गंभीर निर्जलीकरण झालं किंवा मृत्यू आला, तर कॉलराचा संशय.

मग एकमेकांना पाठवायचा संदेश. तो दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या साच्यात जायला हवा. उदाहरणार्थ:

‘आठवडा 23. केंद्रं 14, कळवलेली 13. ताप-पुरळ 4, पैकी पाच वर्षांखालील 3. कॉलरा संशयित 0. लुळेपणा 0. पुरळाचे तीन रुग्ण क-7 मध्ये. नमुने पाठवले.’

इथे ‘0’ लिहिणं फार मोलाचं आहे. शून्य लिहिलं म्हणजे पाहिलं आणि सापडलं नाही. जागा रिकामी सोडली तर पाहिलंच नाही की लपवलं, हे कळत नाही, आणि संघर्षात माणसं रिकाम्या जागेचा अर्थ नेहमी वाईटच लावतात. ‘केंद्रं 14, कळवलेली 13’ यालाही तसाच अर्थ आहे. एक केंद्र गप्प आहे हे आपणहून सांगितलं की बाकीच्या तेरांवर विश्वास बसतो.

असा नियमित संपर्क संकटाच्या आधीच सुरू व्हायला हवा. 2003 साली इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी साथरोगांवर नजर ठेवण्यासाठी एक सामाईक मंच उभारला. सुरुवात दूषित अन्नातून होणाऱ्या आजारांपासून केली. 2006 मध्ये त्या भागात बर्ड फ्लू आला आणि 2009 मध्ये स्वाइन फ्लू, तेव्हा एकमेकांना ओळखणारी माणसं आणि ठरलेली पद्धत आधीच हाताशी होती.

प्रयोगशाळेचा प्रश्न नाजूक असतो. एकाची प्रयोगशाळा दुसऱ्याला पटत नाही. त्यावर नमुना दोन भागांत करून एक भाग तिसऱ्या, दोघांना मान्य असलेल्या ठिकाणी पाठवा आणि निकाल दोघांना एकाच वेळी कळेल असं पाहा. पोलिओच्या संशयात शौचाचे दोन नमुने लागतात, किमान 24 तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत, आणि ते थंड अवस्थेतच पोहोचावे लागतात. चौकीवर दोन दिवस अडकलेला नमुना निरुपयोगी ठरतो. म्हणून नमुन्यांच्या वाटेची परवानगी आधीच काढून ठेवा.

शांततेचे दिवस आखताना

आखणी शेवटच्या दिवसापासून उलटी करा. शेवटचं मूल कधी टोचलं जायला हवं, त्यासाठी पथक कधी निघावं, त्याआधी लस कुठल्या कोठीत हवी, आणि त्याआधी कुठल्या चौकीवरून ती पार झालेली हवी. प्रत्येक टप्प्यात एक दिवस राखीव धरा. शांत प्रदेशात पथकं घरोघर जातात. इथे तसं करणं धोक्याचं असेल तर लोकांनी सहज यावं अशा जागी बूथ लावा, पण फिरती पथकंही ठेवा. ज्यांना बूथपर्यंत येता येत नाही तीच मुलं सहसा लसीवाचून राहिलेली असतात.

लस बहुतेक करून 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. वीज जाईल हे धरूनच चाला. पथकातल्या प्रत्येकाला कुपीवरची उष्णतेची खूण वाचता आली पाहिजे. एका वर्तुळात एक छोटा चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल आणि मुदत उलटलेली नसेल तर लस वापरा. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाजूला काढा, मग ती कितीही मुश्किलीने आणलेली असो. ही खूण दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र दाखवा. आमच्याकडे खराब लस पाठवली या अफवेला त्याहून चांगलं उत्तर नाही, कारण कुपी हातात घेऊन कुणीही ते पाहू शकतं.

टोचलेल्या किंवा थेंब पाजलेल्या मुलाच्या बोटावर शाईची खूण करा. कार्डावर नाव नको, खूण पुरे.

2024 साली गाझामध्ये लढाई सुरू असताना दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओने लुळेपणा आला. तिथे 25 वर्षांत असा रुग्ण आढळला नव्हता. 1 सप्टेंबरपासून भागाभागाने, रोज ठराविक तास लढाई थांबवून लसीकरण झालं. आधी मध्य भाग, मग दक्षिण, मग उत्तर. पहिल्या फेरीत दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब मिळाले. दुसऱ्या फेरीत मात्र उत्तरेत लढाई वाढल्याने काम लांबलं आणि पथकांना पोहोचता आलं ते क्षेत्रही कमी झालं. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीच्या दोन फेऱ्यांत साधारण चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. तेव्हा समझोता करतानाच दोन्ही फेऱ्यांच्या तारखा लिहून घ्या. पहिल्या फेरीचं कौतुक संपलं की दुसऱ्या फेरीची परवानगी मिळवणं कठीण जातं.

थांबलेली लढाई एकाच रोगापुरती वापरायची का? सुदानमध्ये 1995 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने नारूच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या कृमीरोगाच्या) निर्मूलनासाठी दोन महिन्यांचा युद्धविराम झाला आणि तो वाढत वाढत जवळपास सहा महिने टिकला. त्या काळात पाणी गाळायची फडकी वाटली गेली आणि जोडीला मुलांना लसी मिळाल्या, नदीअंधत्वावरची (नदीकाठच्या माश्यांच्या चाव्यातून होणाऱ्या, दृष्टी घालवणाऱ्या रोगावरची) औषधंही पोहोचली. ठरलेल्या विषयाला जोडून आणखी एक-दोन साध्या सेवा देता येतात, आणि द्याव्यातच. मात्र त्या आधी कळवलेल्या असाव्यात. वाटेत सुचलं म्हणून वाढवलेलं काम संशयाला जागा देतं.

पाणी

दोन्ही बाजूंना पाणी देणारा स्रोत एकच असेल, तर त्याच्यासाठी वेगळा, कायमस्वरूपी समझोता करा. क्लोरीन लढाईतही वापरता येतं म्हणून त्याची ने-आण अडवली जाते. त्यामुळे किती साठा येणार, कुठे राहणार आणि कोण मोजणार हे आधीच लिहा. सिलिंडरमधल्या वायूऐवजी ब्लीचिंग पावडर किंवा गोळ्या वापरल्या तर संमती लवकर मिळते.

तपासणी दोन्हीकडच्या एकेका माणसाने मिळून करावी, आणि ती अगदी सोपी आहे. क्लोरीन टाकून तीस मिनिटं थांबा. छोट्या नळीत पाणी घ्या, त्यात डीपीडीची (क्लोरीन मोजायच्या रसायनाची) गोळी चुरून टाका, हलवा. पाणी गुलाबी होतं आणि तो गुलाबी रंग बाजूच्या पट्टीशी ताडून पाहायचा. लिटरला 0.5 मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन मिळालं की पाणी पिण्याजोगं. टँकरमध्ये भरताना 2 मिलिग्रॅमपर्यंत हवं, कारण वाटेत ते कमी होतं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून किंवा निवळून घ्या, नाहीतर क्लोरीन मातीतच खपतं. दोघांनी एकच नळी डोळ्यांसमोर धरून एकच आकडा वहीत लिहायचा. इतकं पुरे.

कॉलराच्या हंगामाआधी जलसंजीवनीची पाकिटं दोन्हीकडे ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण दोन्ही भाषांत एकाच पत्रकावर छापा.

या कामाचा दुसरा कशासाठीही वापर नको

2011 साली पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकी गुप्तचर संस्थेने लसीकरणाच्या नावाखाली एक बनावट मोहीम राबवली. ते उघड झाल्यावर लस पाजणाऱ्या खऱ्या कार्यकर्त्यांवरचा विश्वास ढासळला, आणि 2012 पासून त्या देशात पोलिओ कार्यकर्त्यांच्या, त्यांत कितीतरी स्त्रियांच्या, हत्या होत राहिल्या. 2014 मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केलं की गुप्तचर कामासाठी लसीकरणाचा वापर यापुढे होणार नाही. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मला हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात सांगावंसं वाटतं, कारण किंमत मोजली ती पेटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायकांनी आणि ज्यांना थेंब मिळाले नाहीत त्या मुलांनी.

म्हणून नियम कडक ठेवा. पथकाने वाटेत काय पाहिलं हे कुणालाही सांगायचं नाही, आपल्या बाजूच्या अधिकाऱ्यालाही नाही. फोटो काढायचे नाहीत. मोबाइल शक्यतो केंद्रावर ठेवायचे आणि पथकाला साधा, कॅमेरा नसलेला फोन द्यायचा. जिनिव्हा करारांनी वैद्यकीय सेवकांना संरक्षण दिलं आहे, पण ते ज्या अटीवर मिळतं ती अट म्हणजे वैद्यकीय कामाबाहेर लढाईत हात न घालणं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2016 मध्ये ठराव क्रमांक 2286 करून हे संरक्षण पुन्हा ठासून सांगितलं. ठराव चौकीवरच्या सैनिकाने वाचलेला नसतो हे धरून चाला, आणि त्याच्या वरिष्ठाची दोन ओळींची चिठ्ठी सोबत ठेवा.

सशस्त्र संरक्षण घ्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो नाही. बंदुकीसोबत आलेली लस एका बाजूची होते. धोका इतका असेल की बंदुकीशिवाय जाताच येणार नाही, तर त्या दिवशी जाऊ नका. परवानगी मिळेल तेव्हा जा. आणि पथकातल्या कुणालाही, कारण न सांगता, ‘मी आज जाणार नाही’ म्हणण्याचा हक्क असला पाहिजे.

लोक काय म्हणतात ते ऐकणं

2018 ते 2020 या काळात काँगोच्या पूर्व भागात इबोलाची साथ आली. 3,400 हून जास्त रुग्ण, सुमारे 2,300 मृत्यू. भोवती सशस्त्र टोळ्या होत्या आणि आरोग्य पथकांवर हल्ले झाले. त्याच देशात 2019 मध्ये गोवराने 6,000 हून जास्त माणसं मेली, बहुतेक लहान मुलं. इतकी वर्षं आम्ही मलेरियाने, हिंसेने मरतो आहोत तेव्हा कुणी आलं नाही, मग आता एकाच रोगासाठी एवढ्या गाड्या का, असं लोकांनी विचारलं. तो प्रश्न रास्त होता. पथकाला जिथे जायचं आहे तिथल्या लोकांना आधी विचारा की त्यांना कशाची सगळ्यात जास्त काळजी वाटते. ती गोष्ट तुमच्या हातात नसेल तर तसं सरळ सांगा, असेल तर तिला जागा द्या.

अफवेला उत्तर पलीकडच्याने देऊन चालत नाही. मजकूर दोन्ही बाजूंनी मिळून ठरवा, पण तो सांगणारा माणूस ज्याच्या त्याच्या बाजूचाच असावा. नायजेरियातल्या कानो राज्यात 2003 मध्ये, लसीने वंध्यत्व येतं या समजातून, पोलिओ लसीकरण थांबवलं गेलं. ते 2004 मध्ये पुन्हा सुरू झालं, तेव्हा लस इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिमबहुल देशातून, आणली गेली. लसीत फरक नव्हता. पण लोकांच्या शंकेला मान दिला गेला. लस कुठून येते हे कुणाला खटकत असेल तर दुसरीकडून आणता येते का पाहा, आणि त्यात कमीपणा मानू नका.

मोडलं तर

कधीतरी गोळी सुटेल. समझोता करतानाच त्या दिवसाची तयारी करा. कोण कुणाला फोन करेल, पथकं कुठे थांबतील, लस कुठल्या कोठीत जाईल, दोन तासांत कुणी काय तपासायचं, हे पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. दोन्ही बाजूंच्या आरोग्य अधिकाऱ्यांमधला थेट फोन मात्र काहीही झालं तरी चालू राहावा. लसीकरण थांबलं तरी आठवड्याचा आकडा जात राहील, अशी वेगळी अट घाला. पैसा आणि साहित्य याचा हिशेब दोघांना दिसेल असा ठेवा. वाटणी समान असावीच असं नाही, पण ज्या बाजूला गरज जास्त आहे तिला जास्त का दिलं हे लिखित असावं.

वर्षभर काम टिकलं तर दुसरा विषय घेता येतो का ते विचारा, पण तो प्रश्न दोन्हीकडच्या डॉक्टरांकडून आला तरच. बाहेरच्या देणगीदाराच्या हौसेवर नको.

थांबलेलं काम पुन्हा सुरू होईल त्या दिवशी आधी कोणाचं चुकलं यावर बैठक लावू नका. आधी मधल्या काळातले आठवड्याचे आकडे एकमेकांना द्या. मग राहिलेल्या विभागांची यादी काढा, कोठीतल्या कुपींवरचे चौकोन तपासून किती लस वापरता येईल ते मोजा, आणि सगळ्यात जास्त मुलं राहिलेल्या विभागाची वाट आधी मागा.